खालचा आवाज आणि खालचा सूर

वारज्यात खालच्या आवाजाची टंचाई कधीच नव्हती. बायपासवरून मुंबई-बंगळूर वाहतूक रात्रभर चालते. एखादा अवजड ट्रक पुलावर चढला की आसपासच्या इमारतींच्या काचा थरथरतात. भाद्रपद लागायच्या कितीतरी आधी मुठेच्या काठी ढोल पथकांचा सराव सुरू होतो, लग्नसराईत वरातीचा डीजे असतो आणि मिरवणुकीत डॉल्बीची भिंत. छातीत धडधडणारा आवाज म्हणजे काय, हे इथल्या पाच वर्षांच्या पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. पण त्याच्या काकाला, मामाला, कॉलेजात जाणाऱ्या ताईला विचारून पाहा, ‘आत्ता जे गाणं वाजलं त्यातली बेसची ओळ जरा गुणगुणून दाखव.’ गायकाची चाल येईल, मधल्या म्युझिकचा तुकडा येईल, ढोलकीचे बोलसुद्धा तोंडानं वाजवून दाखवतील. बेसची ओळ येणार नाही. खालचा आवाज सगळ्यांना माहीत असतो. खालचा सूर बहुतेकांच्या कानांवरून निघून जातो. ही पुस्तिका त्या सुराबद्दल आहे.

या फरकाला कायद्यानंही नकळत हातभार लावला आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली. मोजमाप करायचं ते ‘ए’ भारांकनानं, म्हणजे माणसाच्या कानाला जे आवाज कमी जाणवतात ते मीटरनंही कमी धरायचे. 50 हर्ट्झचा आवाज या पद्धतीत खऱ्यापेक्षा सुमारे 30 डेसिबलनं कमी मोजला जातो. त्यामुळे मीटरवरचा आकडा सभ्य दिसतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा पलंग हलत राहतो. मिरवणुकीच्या बाजूनं किंवा विरोधात बोलायची ही जागा नव्हे. बेस शिकणाऱ्यानं एवढंच लक्षात घ्यावं की लोक ज्याला ‘बेस मारतोय’ म्हणतात तो नुसता दाब असतो. त्यात सा कुठला, पंचम कुठला, सूर कुठे सुरू झाला आणि कुठे थांबला, हे कोणी विचारत नाही. बेस गिटार वाजवणाऱ्याला मात्र हेच चार प्रश्न आयुष्यभर पुरतात.

वाद्य साधं आहे. चार तारा, जाडीकडून बारकाकडे ई, ए, डी, जी. गिटारच्या चार जाड तारांचेच हे सूर, एक सप्तक खाली. उघडी ई तार 41.2 हर्ट्झवर बोलते, ए 55 वर, डी 73.4 वर आणि जी 98 वर. पाचतारी बेसला आणखी खाली एक बी तार असते, साधारण 31 हर्ट्झची. ती सुरुवातीला घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जो सूर घरातल्या कुठल्याच स्पीकरमधून नीट येत नाही, तो शिकायचा कसा?

आता आपल्या बाजूनं बघू. बाहेरची बहुतेक पुस्तकं ई आणि ए या स्वरांपासून सुरू होतात, कारण तिकडची गिटारवर बेतलेली गाणी उघड्या तारांच्या सोयीनं बांधलेली असतात. आपल्याकडे पहिला कार्यक्रम होतो सोसायटीच्या गणपतीत किंवा कोणाच्या तरी साठीशांतीला, आणि गाणारी ताई पेटीकडे बोट दाखवून म्हणते, ‘माझी काळी चार.’ गाणारे दादा म्हणतात, ‘काळी एक.’ झालं! पुस्तकातली सगळी उघड्या तारांची कसरत तिथेच निकामी होते. काळी एक म्हणजे सी शार्प. त्यातल्या बिलावलच्या सात शुद्ध स्वरांपैकी एकही स्वर बेसच्या चार उघड्या तारांवर सापडत नाही. काळी चार म्हणजे जी शार्प. तिथे एकच सापडतो, जी तारेवरचा निषाद, आणि निषादावर उभं राहून कोणी बेस वाजवत नाही.

यावर उपाय आहे आणि तो फार सुबक आहे. ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर काळी एकचा सा मिळतो. त्याच फ्रेटवर बोट तसंच ठेवून शेजारच्या जाड ई तारेवर गेलात की मंद्र पंचम. उलट बाजूला, बारीक डी तारेवर त्याच फ्रेटला मध्यम, आणि त्याच तारेवर दोन फ्रेट पुढे मध्य पंचम. सा, प, म ही तिन्ही खुंटं एका तळहाताच्या आवाक्यात. काळी चारसाठी हाच हात एक तार जाड बाजूला न्यायचा, फ्रेट चौथाच. ई तारेचा चौथा फ्रेट म्हणजे काळी चारचा सा. फक्त त्याच्याखाली आता तार उरत नाही, म्हणून मंद्र पंचम सोडायचा आणि वरचा घ्यायचा. गिटारवर ही आकृती बारक्या तारांकडे जाताना मोडते, कारण तिथे एका जागी लावणी बदलते. बेसवर चारही तारा एकमेकींपासून सारख्या अंतरावर लावलेल्या असल्यामुळे आकृती कुठेही सरकवा, तशीच राहते. या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण म्हणूनच चौथ्या फ्रेटपासून सुरू होतं. ज्यांनी इंग्रजी पुस्तकं आधी वाचली आहेत त्यांना ते विचित्र वाटेल. वाटू द्या.

या आकड्यांत अजून एक गंमत आहे. पुरुषी तंबोरा काळी एकात लावला तर त्याची खर्जाची तार 69.3 हर्ट्झवर बोलते. बेसच्या ए तारेचा चौथा फ्रेटही 69.3 वरच बोलतो. म्हणजे बेसचा हा सूर आपल्याला परका नाही. सवाई गंधर्वच्या मंडपात बसून पुणेकर 1953 पासून तो ऐकत आले आहेत. फरक असा की तंबोरा तो सूर अखंड धरून ठेवतो आणि बेसला तो हलवायचा असतो. तंबोऱ्याबरोबर वाजवायची वेळ आली तर दोन पथ्यं पाळावीत. पहिलं, बेस ट्यूनरवर लावून मोकळं व्हायचं नाही, तंबोऱ्याला कान देऊन लावायचा. अर्ध्या हर्ट्झचा फरक असला तरी दोन्ही खर्ज एकमेकांशी भांडतात आणि सेकंदा-दोन सेकंदांनी लाट आल्यासारखा आवाज डोलतो. दुसरं, शुद्ध गंधारापासून शक्यतो दूर राहायचं. फ्रेटवरचा गंधार तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा 14 सेंट चढा असतो. पंचमात हा फरक दोनच सेंटचा, म्हणजे नसल्यासारखा. सा आणि प यांवर बेस निर्धास्त उभा राहू शकतो, गंधारावर तो उघडा पडतो. ज्यांना गंधार हवाच आहे त्यांनी बिनफ्रेटचा बेस घ्यावा आणि पुढची दोन वर्षं बाकीचं सगळं विसरावं.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो सगळीकडे मिळतो. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्यानं 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधी 1930 च्या दशकात सिॲटलच्या पॉल टटमार्कनं फ्रेट असलेला विजेचा बेस बनवला होता, पण तो चालला नाही. फेंडरचा चालला, कारण तोवर गिटारवाले ॲम्पवर गेले होते आणि उभा डबल बेस पाठीवर वाहून आणणाऱ्या वादकाचा आवाज कोणालाच ऐकू येत नव्हता. 1960 मध्ये जॅझ बेस आला. त्यानंतर झालेले बहुतेक बेस या दोघांचीच नातवंडं आहेत.

मुंबईच्या सिनेसंगीतात आधी डबल बेस होता, मग हे वाद्य आलं. राहुल देव बर्मन ऊर्फ पंचम यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार टोनी वाझ वाजवत. पंचमच्या गाण्यांत तालाकडे मारुतीराव कीर, रिदम गिटारवर भानू गुप्ता आणि रमेश अय्यर, आणि यांच्या मधोमध तो बेस. पुण्यात ‘पंचममॅजिक’सारख्या रसिकांच्या गटानं या पडद्यामागच्या वादकांना मंचावर आणून बोलतं केलं, हे पुण्यानं केलेल्या चांगल्या कामांपैकी एक. आपल्याकडे गायकांच्या सत्कारात शाली संपतात आणि वादकाच्या वाट्याला नारळ येतो. त्या परंपरेत हे उठून दिसतं.

याच मुंबईत चरणजित सिंग नावाचे वादक होते. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये ते बेस गिटारही वाजवत आणि सिंथेसायझरही. 1982 मध्ये त्यांनी दहा रागांना डिस्कोचा ठेका देऊन एक ध्वनिमुद्रिका काढली. त्यासाठी वापरलं एक जपानी यंत्र, रोलँडचं टीबी-303. हे यंत्र बनवलं होतं एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसवादकाची उणीव भासू नये म्हणून. त्या कामात ते सपशेल नापास झालं, कारण त्याचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच येत नसे. आणि त्या नापास यंत्रातून भैरव, तोडी, मालकंस काढले कोणी, तर बेस वाजवणाऱ्या माणसानंच. रेकॉर्ड तेव्हा कोणी फारशी विचारली नाही. 2010 मध्ये ती परदेशात नव्यानं निघाली आणि लोक चकित झाले, कारण पुढे शिकागोत त्याच यंत्रावर जे नृत्यसंगीत उभं राहिलं त्याचा बाज इथे काही वर्षं आधीच ऐकू येत होता.

आजची स्थिती एवढी रंगतदार नाही. ऑर्केस्ट्रात बेसवाल्याची खुर्ची सगळ्यांत आधी कमी होते; कीबोर्डवाल्याचा डावा हात ते काम उरकतो. हौशी गायकांच्या कार्यक्रमांत कराओके ट्रॅक असतो, त्यात बेस आधीच भाजून आलेला असतो. तरीही बेसवर नाव कमावणारी माणसं मुंबई-गोव्यातून निघाली आहेत. मुंबईत 1996 मध्ये जन्मलेली मोहिनी डे वडिलांकडे बेस शिकली आणि रेहमानपासून स्टीव्ह वायपर्यंत सगळ्यांबरोबर वाजवून आली. गोव्यात कॉलिन डिक्रूझ यांनी बेस वाजवता वाजवता जॅझची अख्खी चळवळ चालवली. मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’सारख्या बँडनं संतांचे अभंग गिटार-बेसवर उभे केले आणि टाळ-मृदंगाच्या सवयीच्या कानांनीही ते मानून घेतले. बेसला काम नाही असं नाही. काम आहे ते टाळाबरोबर, ठेक्याबरोबर, आपल्या गाण्यांबरोबर.

टोन, म्हणजे वादकाच्या आवाजाचा पोत, हा विषय निघाला की बेसवाले पेडल, प्रीॲम्प आणि पिकअप यांवर तासन् तास बोलतात. त्यांनी जेम्स जेमरसनची गोष्ट लक्षात ठेवावी. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या शेकडो गाण्यांत याचा बेस आहे. वाद्य 1962 चा प्रिसिजन, त्यावर गुळगुळीत चपट्या वेटोळ्याच्या जाड तारा, ज्या तो तुटल्याखेरीज बदलत नसे. ब्रिजच्या झाकणाखाली आस दाबायला फोमचा तुकडा. उजव्या हाताचं वाजवणारं बोट एकच, तर्जनी. आज दुकानात ज्याला कोणी हात लावणार नाही अशा अवस्थेतल्या त्या वाद्यातून त्यानं बेसचं व्याकरण लिहिलं.

त्याच्या फोममध्ये खरी गोम आहे. बेसचा सूर कसा सुरू होतो याकडे सगळे बघतात. तो कुठे संपतो याकडे फार थोडे. तबल्याची जाण असलेल्या माणसाला हे चटकन कळेल. कहरव्याचा साधा ठेका घ्या: धा गे ना ती, ना क धी ना. पहिल्या मात्रेच्या ‘धा’ला आणि दुसरीच्या ‘गे’ला डग्गा बोलतो. पाचवीला खाली आहे, तिथे ‘ना’ नुसता चाटेवर. डग्गा गप्प. सातव्या मात्रेच्या ‘धी’ला तो पुन्हा येतो. आता नवशिका बेसवाला काय करतो? ‘धा’वर सा वाजवतो आणि बोट तसंच दाबून ठेवतो. त्याचा सा चौथीवरून, पाचवीवरून, खालीवरून ओघळत जातो. तबलजी जीव तोडून खाली दाखवतोय आणि बेस तिच्यावर सतरंजी पसरतोय! ठेका जड का होतोय हे कोणालाच कळत नाही. सगळे तबलजीकडे रागानं बघतात.

तेच असं करून पाहा. ‘धा’वर सा, तिसऱ्या मात्रेच्या आत डाव्या हाताचं बोट उचलायचं. पूर्ण उचलायचं नाही, तारेवरच सैल ठेवायचं, म्हणजे तार झाकली जाते आणि उघडी वाजत नाही. पाचवीला काही नाही. सातवीच्या ‘धी’ला मंद्र पंचम, तोही समेच्या आधी बंद. एवढे दोनच सूर. पण ठेका एकदम उभा राहतो, आणि गाणारा माणूस मान वर करून बघतो. भजनी ठेक्याला, दादऱ्याला हाच न्याय. डग्गा जिथे गप्प तिथे बेसनंही तार झाकावी, हा माझा ठाम सल्ला आहे आणि पुस्तिकेतल्या अर्ध्याहून अधिक पाठांचा तो पाया आहे. नियम कळला की मोडायलाही हरकत नाही. कधी खालीवर बेस एकटा सोडला तर अंगावर काटा येतो.

उजव्या हाताचं म्हणाल तर सर्वांत स्वस्त टोन-कंट्रोल म्हणजे हात सरकवणं. नेकच्या बाजूला तार छेडली तर आवाज गोल आणि पसरट, ब्रिजपाशी छेडली तर टणक आणि आवळ. प्रिसिजनच्या पिकअपवर अंगठा टेकवून तर्जनी-मध्यमा आलटून पालटून वाजवावी. बोट तार ओलांडून पुढच्या जाड तारेवर येऊन थांबावं, त्यानं ती तारही आपोआप झाकली जाते. जोर कमी. बेस ओरबाडला की मोठा होत नाही, खडखडतो. मोठा करायला बटण आहे. स्लॅप या प्रकाराला पुस्तिकेत मोजकीच पानं दिली आहेत. लॅरी ग्रॅहमनं तो काढला तो आईबरोबर वाजवताना ड्रमर नव्हता म्हणून, अंगठ्यानं ड्रमचं काम भागवायला. तुमच्याकडे तबलजी बसलेला असताना त्याची घाई कशाला?

डाव्या हाताबद्दल मात्र काळजी घ्यावी लागते. बेसची तार गिटारपेक्षा लांब, 34 इंच, म्हणजे 864 मिलिमीटर. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर होतं सुमारे 13 सेंटिमीटर. ‘एका फ्रेटला एक बोट’ हा गिटारचा दंडक खालच्या फ्रेटांवर लावला तर तर्जनी आणि करंगळी यांत एवढा ताण येतो की मनगट तक्रार करू लागतं. डबल बेसवाल्यांनी यावर फार पूर्वी तोड काढली. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्झ सिमांडलच्या पद्धतीत तिसरं आणि चौथं बोट जोडीनं पडतं आणि तळहात तीनच फ्रेट व्यापतो, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत, साधारण 9 सेंटिमीटर. पाचव्या फ्रेटपर्यंत हीच पद्धत, त्याच्यापुढे चार बोटं. वाद्याचं वजन चार किलोच्या आसपास असतं. अरुंद फॅशनेबल पट्टा खांदा कापतो. रुंद चामड्याचा घ्यावा, आणि बसून जिथे हात पडतो तिथेच उभं राहूनही पडेल इतपत उंच बांधावा. गुडघ्यापाशी लोंबणारा बेस फोटोत छान दिसतो. फोटोपुरताच.

आता खर्च. विद्यार्थी आधी गिटार ठरवतो, मग उरलेल्या पैशांत बाकीचं. क्रम उलटा हवा. यामाहा, स्क्वायर, आयबानेझ, कोर्ट यांचे सुरुवातीचे बेस बहुधा 15 ते 25 हजारांच्या पट्ट्यात येतात आणि त्यांच्यातला फरक सेटअप नीट केला की बराचसा मावळतो. सेटअप न केलेला महागडा बेस हा भिंतीवर टांगायचा बेस. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा. आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत 0.3 मिलिमीटर फट दिसली पाहिजे, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. सतराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची 2.4 मिलिमीटरच्या आसपास. चार तारांचा एकत्रित ताण 75 ते 80 किलोचा असतो आणि तो एका लाकडी दांड्यावर रात्रंदिवस असतो. पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत नेक बहुधा मागे सरळ होते आणि तारा फ्रेटवर खडखडू लागतात. पावसाळ्यात ती पुढे वाकते आणि तारा उंच होतात. मग ॲलन कीनं ट्रस रॉड पाव फेरा फिरवायचा, रात्रभर थांबायचं, पुन्हा बघायचं. पाव फेऱ्याहून अधिक एका बैठकीत नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडी घासतो ती तारेनं झणझणावं म्हणूनच, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं त्यामागे ही कारागिरी आहे. बेसचा सेटअप करणारा तीच झणझण घालवायला बसतो. दोघांनाही लागतो तो कान.

तारा 45 ते 105 मापाच्या घ्याव्यात. गोल वेटोळ्याच्या तारांचा आवाज नवेपणी चकचकीत असतो आणि घामानं महिन्या-दोन महिन्यांत बसतो. त्या काढून पातेल्यात उकळल्या की मळ निघून काही दिवस पुन्हा उजळतात. पातेलं वेगळं ठेवा, घरात वाद नकोत. भावगीत, अभंग, जुनी सिनेगीतं हे तुमचं काम असेल तर चपट्या वेटोळ्याच्या तारा एकदाच घ्या. महाग पडतात, वर्षानुवर्षं टिकतात, आणि डग्ग्याशी त्यांचं जमतं.

पिकअपचं दोन वाक्यांत: प्रिसिजनचा एकच आवाज, पण तो कधी चुकत नाही; जॅझ बेसला दोन पिकअप, दोन्ही पूर्ण उघडे ठेवले की ट्यूबलाइटची गुणगुण आपसांत कटते आणि एक जरा कमी केला की परत येते. 1976 च्या म्युझिक मॅन स्टिंगरेपासून वाद्याच्या पोटातच प्रीॲम्प बसवायची चाल पडली. अशा ॲक्टिव्ह बेसला 9 व्होल्टची बॅटरी लागते आणि ती केबल लावली की चालू होते. वाजवून झाल्यावर केबल काढली नाही तर पुढच्या कार्यक्रमात बॅटरी मंचावरच प्राण सोडते.

ॲम्प सर्वांत शेवटी. 41 हर्ट्झच्या लाटेची लांबी आठ मीटरांहून जास्त आहे, आणि टू बीएचकेतली कुठलीच खोली तेवढी नाही. म्हणून एकच सूर कोपऱ्यात फुगतो आणि पलंगाजवळ गायब होतो, आणि शेजाऱ्याच्या स्लॅबमधून मात्र सगळीकडे पोचतो. छोट्या ॲम्पचा आठ इंची स्पीकर तो सूर काढूच शकत नाही. त्याचे वरचे अंश ऐकून आपला कान मूळ सूर मनात भरून घेतो. मोबाइलच्या स्पीकरवर तर गाण्यातला बेस जवळजवळ पुसलेलाच असतो. मोबाइलवर ऐकून बेस शिकणारी मुलं गिटारची ओळ उचलतात ती यामुळे. तेव्हा आधी तारेचा हेडफोन आणि एक साधा ऑडिओ इंटरफेस. ब्लूटूथ नको, त्यात आवाज उशिरा पोचतो आणि हात लय सोडतो.

मांडवातल्या मंचावर बहुतेक वेळा साउंडवाल्याच्या सिस्टिममधूनच वाजवावं लागतं. बेस थेट मिक्सरला लावू नका, मध्ये डीआय बॉक्स हवा. त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. जनरेटरच्या वायरिंगमधून गुणगुण आली तर ते दाबायचं. वीजजोडणीची अर्थिंगची पिन मात्र काढायची नाही, कितीही अनुभवी माणसानं सांगितलं तरी. तारा लोखंडी आहेत आणि समोरचा माईकही. साउंडवाल्याशी गोड बोलावं. तो तुम्हाला कमी करणारच, पण गोड बोललात तर सगळ्यांत शेवटी करेल.

पुस्तिकेत नोटेशनऐवजी सरगम आणि फ्रेटचे आकडे शेजारी शेजारी दिले आहेत, आणि प्रत्येक पाठावर तालाचे बोल. पाठ काळी एक आणि काळी चार या दोन पट्ट्यांत लिहिले आहेत. गाणी दिलेली नाहीत, ठेके दिले आहेत. गाणं तुमच्या गायकाकडून घ्या. पहिल्या प्रकरणापासून तबल्याची साथ धरली आहे. तबला ॲपवर काम भागेल, पण ॲप तुमच्याकडे रागानं बघत नाही आणि खाली दाबलीत तर थांबत नाही. वारज्यात, कर्वेनगरात, शिवण्यात तबला शिकणारी मुलं गल्लोगल्ली आहेत आणि त्यांनाही कोणीतरी साथीला हवंच असतं. बेस विकत घ्यायच्या आधी त्यांच्यातला एक जण गाठा.

वारजे, पुणे